फांदीचं जुनं नाव

धाकट्याचा फोन आला तेव्हा मधली प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. शहरभरच्या नळांचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी तिच्याकडे तपासायला यायचं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही हे ती सहीनिशी लिहून द्यायची. फोनवर धाकटा हसत होता. ते हसणं ऐकूनच ती सावध झाली, कारण धाकटा फार चिडला की हसायचा, अगदी लहानपणापासून.

"ताई, बसलीयेस का? नसलीस तर बस. मी टी आहे."

"काय आहेस?"

"टी! बाबा टी, दादा टी, आणि मीसुद्धा टी. त्या कंपनीची मेल आली होती, जुनी खाती बंद करणार म्हणून. म्हटलं, जाता जाता आपल्या हातानंच पुसून टाकू सगळं. उघडलं तर माझ्या नावापुढे के-टू नाहीच. मला वाटलं, भलत्याचंच खातं उघडलंय. म्हणून त्यांना फोन लावला. एक मुलगी होती. म्हणाली, सर, तुमच्यात काही बदललेलं नाही, तुमची फांदी तीच आहे, फक्त तिचं नाव बदललंय. झाली की बरीच वर्षं, म्हणे. पूर्वी तिला के-टू म्हणायचे, आता टी म्हणतात. आणि शेवटी काय म्हणाली असेल? आणखी काही मदत करू का, सर!"

तो पुन्हा हसला. मधलीनं हातातली बाटली खाली ठेवली. चिठ्ठी बोटालाच चिकटून राहिली होती.

आता हे के-टू आणि टी काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण एवढ्याशा अक्षरांनी एका धडधाकट घराचं वाटोळं केलं होतं.

बापाकडून मुलग्याला एक गुणसूत्र जातं, वाय नावाचं. आईचा त्यात काही हात नसतो. ते आजोबाकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरत जातं. कधीतरी नक्कल होताना त्यात एखादं अक्षर चुकतं, आणि मग ती चूक त्या माणसाच्या मुलग्यांत, नातवांत, पुढच्या शेकडो पिढ्यांत टिकून राहते. शास्त्रज्ञांनी या चुका हेरल्या, त्यांना आकडे दिले आणि त्यांच्या आधारानं जगातल्या तमाम पुरुषांचं एक झाड मांडलं. फांद्यांना अक्षरं दिली. झाड पुरतं दिसत नव्हतं तेव्हा दिलेली काही नावं पुढे बदलावी लागली. एम-सत्तर ही चूक ज्यांच्यात आहे त्यांना आधी के-टू म्हणत, नंतर टी म्हणू लागले. आणि के-टू हे नाव मोकळं पडलं, तर काही वर्षांनी ते उचलून दुसऱ्याच एका भल्यामोठ्या फांदीला लावून टाकलं. शास्त्रज्ञांचं त्यात काही चुकलं नाही. झाड नीट लावायचं तर एवढं करावंच लागतं. पण एखाद्या घरात कुणी जुना कागद घेऊन नव्या तक्त्यासमोर उभं राहील, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

तसं उभे राहिले होते बाबा.

धाकटा कॉलेजात होता तेव्हा एका कंपनीनं विद्यार्थ्यांना अशी तपासणी स्वस्तात करून दिली होती. यानं गंमत म्हणून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली, महिन्यानं के-टू असा कागद आला, चार दिवस घरात चेष्टा झाली आणि सगळे विसरले. पुढे बाबा निवृत्त झाले. आयुष्यभर ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर वर्गीकरण करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या घराण्याचं करायला घेतलं. वंशवृक्ष काढला, पण खापरपणजोबांच्या पलीकडे गाडी सरकेना. मग कुणीतरी गुणसूत्राचं सुचवलं. त्यांनी दुसऱ्या एका कंपनीकडून स्वतःची तपासणी करून घेतली, थोरल्याचीही करून घेतली. दोघेही टी. बाबा खूश. आपला कागद त्यांनी चौकटीत घातला, नव्या झाडाचा भला मोठा तक्ता आणून शेजारी लावला, आणि मग त्यांना धाकट्याचा जुना कागद आठवला.

त्या दिवशी मधलीही तिथे होती. बाबांनी एक बोट टीवर ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं के-टू शोधायला लागले. बोट तक्त्याच्या पार दुसऱ्या कडेला गेलं. दोन्ही हात फाकवून भिंतीला चिकटल्यासारखे ते किती तरी वेळ उभे होते. मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "तुझ्यात आणि माझ्यात पंचेचाळीस हजार वर्षांचं अंतर आहे." आणि मग त्यांनी आईकडे पाहिलं.

विचारलं काही नाही. नुसतं पाहिलं.

आई म्हणाली, "असलं काही मनातही आणू नका. धाकटा तुमचाच आहे."

"कागद खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले.

थोरला विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे तपासतो, म्हणजे दर माणूस लबाड आहे असं धरून चालण्याचा त्याला पगार मिळतो. तो म्हणाला, "पुन्हा तपासणी करू या ना. दूध का दूध होऊन जाईल." तेव्हा धाकटा तसाच हसला. म्हणाला, "आई खरं बोलतेय की नाही हे ठरवायला मी माझी थुंकी देणार नाही." त्यानं तो जुना कागद खिशात घातला आणि आपली बॅग भरली. त्यानंतर बाबा आईशी बोलेनासे झाले. पाणी हवं असलं तरी भिंतीकडे बघून म्हणायचे, पाणी. आईनं ते किती दिवस सोसलं कोण जाणे, पण एक दिवस तिनं शिलाई मशीन टेम्पोत घातलं आणि एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, फाटलेलं अस्तर लावणं, यावर ती राहू लागली. याला आता अकरावं वर्ष लागलं होतं.

आणि मधली? मधली भली बाई. तिनं कुणाचीच बाजू सोडली नाही. बाबांच्या गोळ्या आणून द्यायची, दर रविवारी आईकडेही जायची. एकदा तर तिनं मनाचा मोठेपणाही दाखवला. आई सुईत दोरा ओवत होती, आणि मधली तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, झालं असेल काही तरी. तेव्हा बाबा तुझ्याशी कसे वागायचे ते मला माहितीये. मी तुला नावं ठेवत नाही." आईनं दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "बरं." मधली हलक्या मनानं घरी आली. नवऱ्याला म्हणाली, आईच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं आज.

असो. तर चिठ्ठी बोटाला चिकटलेली मधली प्रयोगशाळेतून निघाली ती तडक बाबांच्या घरी. वाटेत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्यानं शिवी दिली, तर तिनंही थांबून त्याला एक हासडली, आणि असली शिवी आपल्याला येते हे तिला तेव्हाच कळलं.

थोरला त्या दिवशी घरूनच काम करत होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी कुणाच्या तरी चेपलेल्या गाडीचे फोटो. बाबा आपल्या खोलीत आरामखुर्चीत वाचत बसले होते. मागे भिंतीवर तक्ता, त्याच्या शेजारी चौकट.

"बाबा, उठा," मधली म्हणाली.

"काय झालं?"

"उठा आणि तुमचा कागद वाचा. मोठं अक्षर नको. त्याच्या खाली बारीक काय लिहिलंय ते वाचा."

आवाजातली धार ऐकून थोरलाही आत आला. बाबांनी चष्मा बदलला, चौकटीशी गेले. "टी. कंसात एम-सत्तर."

तिनं फोन लावून तो टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. "हां, आता तुझा जुना कागद. के-टूच्या पुढे काय आहे?"

"कंसात एम-सत्तर," फोनमधून धाकटा म्हणाला.

बाबांची पाठ होती तिच्याकडे. मग एक बोट हळूहळू वर गेलं, तक्त्याच्या त्या दुसऱ्या कडेला, के-टूपाशी. तिथे कंसात वेगळाच आकडा होता. बोट तिथेच थांबलं.

"नाव बदललंय बाबा. फांदी तीच आहे. तुम्ही जुनं नाव नव्या तक्त्यावर शोधलंत!"

"एक मिनिट," थोरला म्हणाला. "घाई नको. टी तर जगात लाखो असतील. फांदी तीच निघाली म्हणून बाप तोच, असं होत नाही."

चिडलेली असली तरी मधली काही मूर्ख नव्हती. हे खरं होतं. पण धाकट्याला फोनवरच्या मुलीनं तेही सांगून ठेवलं होतं. फांदीच्या नावाखाली खुणांचा एक तक्ता असतो. त्या गुणसूत्रावर ठरावीक जागी अक्षरांचा एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कुठे तेरा वेळा, कुठे तेवीस वेळा. बाप आणि मुलगा यांचे हे आकडे जुळतात. परक्या माणसाशी थोडे जुळतात आणि मग गाडी घसरते.

"वाच," ती फोनला म्हणाली. "पहिली खूण."

"तेरा."

"बाबा?"

बाबांनी चौकटीवर नाक टेकवल्यासारखं केलं. "तेरा."

"तेवीस," धाकटा म्हणाला.

"तेवीस."

"चौदा."

"चौदा."

असं चाललं. थोरला हाताची घडी घालून दारात उभा होता आणि एखादा तरी आकडा चुकेल म्हणून कान टवकारून होता. धाकट्याचा आवाज फोनमध्ये कोरडा होत गेला. बाबांचा आवाज आधी शाळेतल्या हजेरीसारखा होता, मग बारीक होत गेला, आणि शेवटी शेवटी ते धाकट्याच्या आधीच आकडा म्हणू लागले. पंचविसाव्या खुणेला दोघे एकदमच बोलले.

"झाले," धाकटा म्हणाला. "सगळे."

"बाळा," बाबा म्हणाले.

"तसं म्हणू नका. मला आता तुमचा मुलगा व्हायचं नाहीये. मी लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खड्ड्यात उतरलोय, वर माणसं खोळंबलीत. ठेवतो."

फोन बंद झाला. बाबा आरामखुर्चीकडे आले, पण बसले नाहीत, नुसते तिच्या दांड्याला धरून राहिले. मधलीला त्यांची दया यायला हवी होती. म्हातारा माणूस. पण तिच्या डोळ्यांसमोर भलतंच काही होतं. लहानपणी सुट्टीत बाबा त्या तिघांना ग्रंथालयात घेऊन जायचे. वर्गीकरणाची नवी आवृत्ती आली की शेकडो पुस्तकांचे नंबर बदलायचे. पोरं ओल्या फडक्यानं पाठीवरच्या जुन्या चिठ्ठ्या भिजवायची, बाबा ब्लेडनं त्या खरवडायचे आणि नव्या लावायचे. एकदा धाकट्यानं विचारलं होतं, "बाबा, हे पुस्तक काल तिकडे होतं, आज इकडे का?" आणि बाबा म्हणाले होते, "पुस्तक तेच असतं रे. फक्त नंबर बदलतो."

"तुम्हाला!" ती ओरडली. "दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं तर मी समजू शकते. दादाला काय, त्याला समोरचा माणूसही बनावट वाटतो. पण तुम्हाला? जन्मभर हेच केलंत तुम्ही! आवृत्ती आली की नंबर बदलतो हे आम्हाला तुम्ही शिकवलंत. हात चिकट करून घेतलेत आमचे. आणि आईच्या वेळी तुम्हाला एकदा, एकदा तरी वाटू नये की ही आवृत्ती कुठली, ती कुठली?"

"कागदावर वर्ष होतं," बाबा पुटपुटले. "मी पाहिलंच नाही वर्ष. मी... पहिली गोष्ट तीच पाहायची असते."

"हो ना? पहिली गोष्ट तीच पाहायची असते ना?"

थोरल्यानं घसा साफ केला. हा माणूस घसा साफ करतो तेव्हा कुणाचा तरी दावा फेटाळला जाणार हे नक्की. "हे बघ, मी आईच्या विरोधात बोलतोय असं समजू नकोस. पण शास्त्रीयदृष्ट्या एक शक्यता नाकारता येत नाही. काका तेव्हा आपल्याकडेच राहायचे. त्यांचे आकडेही हेच आले असते."



मधलीच्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. तो तिनं भावाच्या अंगावर रिकामा केला. डोक्यापासून पायजम्यापर्यंत. "पिण्याजोगं आहे," ती म्हणाली. "मी तपासलंय."

"अगं, मी फक्त..."

"गप्प बस," बाबा थोरल्याला म्हणाले. अकरा वर्षांत आईच्या बाजूनं या घरात उच्चारले गेलेले हे पहिले शब्द होते. मधलीला त्यांचं कौतुक वाटलं नाही. उशिरा आलेल्याचं कौतुक कसलं?

"चला," ती म्हणाली. "चपला घाला. आईच्या समोर उभं राहून सांगायचं, माझी चूक झाली. माझ्या देखत. त्याशिवाय मी तुम्हाला परत आणणार नाही."

बाबा निघाले. दारापर्यंत गेले, थांबले, मागे वळले आणि भिंतीवरची चौकट काढून काखेत घेतली.

"ती कशाला?"

"तिला दाखवतो ना. नीट समजावून सांगतो."

मधलीला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण तिला घाई झाली होती. आज आईला न्याय मिळणार होता आणि तो मिळवून देणारी ती होती. टॅक्सीत बाबा काचेवरची धूळ रुमालानं पुसत राहिले आणि ती मनातल्या मनात आईचा चेहरा रंगवत राहिली. आई रडेल. आपणही रडू. मग चहा होईल.

लाँड्रीतून वाफ येत होती. जिना अरुंद, एका बाजूला इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे. बाबांना वर चढायला वेळ लागला. आई मशीनपाशी बसून एका निळ्या पँटची चेन उसवत होती. दारात नवरा दिसला तरी तिचा हात थांबला नाही. फक्त उसवायच्या पात्याचं टोक जरा जपून धरलं.

"या," ती म्हणाली. "खुर्चीवरचे कपडे उचल गं, बसू दे त्यांना."

बाबा बसले नाहीत. चौकट त्यांनी कापडं बेतायच्या टेबलावर, खडू आणि कात्रीच्या मध्ये ठेवली. "चूक झाली माझी," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, आणि मधलीचे डोळे भरून आले. आलं, आलं ते वाक्य. पण बाबा तिथे थांबले नाहीत. "आवृत्ती बदलली होती. म्हणजे कसं, धाकट्याचा कागद जुन्या मांडणीतला. तेव्हा या फांदीला के-टू म्हणत. मधल्या काळात मांडणी बदलली, आणि माझ्याकडचा तक्ता नव्या मांडणीतला. के-टू हे नाव त्यांनी दुसरीकडे वापरलं, तिथेच घोटाळा झाला. ही बघ, ही एम-सत्तर. ही दोन्हीकडे आहे. आणि या खाली पंचवीस खुणा. आज आम्ही एकेक ताडून पाहिली. एकही चुकली नाही. एकही नाही!"

शेवटी शेवटी त्यांचा आवाज चक्क खुलला होता. ग्रंथालयात नव्या सभासदाला कपाटं दाखवताना खुलायचा तसा. मधलीच्या डोक्यात सणक गेली. हा माणूस माफी मागतोय की व्याख्यान देतोय?

आईनं उसवलेले दोऱ्याचे तुकडे बोटानं गोळा केले. "झालं सांगून?"

"हो."

"म्हणजे तुमच्या तपासणीच्या नळीनं सांगितलं, मी खरं बोलत होते."

"हो. म्हणजे... हो. पूर्ण सिद्ध झालं. तू घरी चल."

"मग त्या नळीलाच न्या की घरी. तिच्याशी पटतं तुमचं."

"आई," मधली पुढे झाली, "बाबा माफी मागायला आलेत. किती वर्षांनी..."

"तू थांब. तुझी पाळी येतेय."

मधली थांबली. आईनं पहिल्यांदाच पँट बाजूला ठेवली आणि तिच्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तू मला माफ केलं होतंस. इथेच बसून. आठवतं? माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. मी दोरा दातांनी तोडला, कारण तोंड कशात तरी गुंतवलं नसतं तर मी तुला हाकलून दिलं असतं. तुझे बाबा निदान माझ्यावर चिडले. तू दया केलीस. जे मी केलंच नाही, ते तू मोठ्या मनानं पोटात घातलंस. घातलंस ना?"

"मला वाटलं, तुला बरं वाटेल..."

"सगळ्या गावाच्या पाण्याचे कागद तू दोन दोनदा बघतेस. तूच सांगतेस ना मला, तळाची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सही करत नाही म्हणून? तो जुना कागद एकदा बघावासा वाटला नाही तुला? राहू दे कागद. मला एकदा विचारावंसं वाटलं नाही? आई, खरं काय, एवढं? धाकट्यानं विचारलं नाही, कारण त्याला गरज नव्हती. तुम्ही बाकीच्यांनी विचारलं नाही, कारण तुमचं ठरलं होतं."

सकाळपासून जो राग मधली इतक्या दिमाखानं मिरवत होती, तो सगळ्यांवर ओतून झाला होता. आता तो तिच्याच अंगावर परत आला होता आणि त्याला जागा द्यायलाच हवी होती.

"मग मी करू काय?" बाबा म्हणाले. "तू सांग. सांगशील ते करतो."

आईनं थोडा विचार केला. "विचारा."

"काय?"

"तेव्हा विचारलं नाहीत ते. तक्त्याला नाही, मला. विचारा."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे दिसत होते. "धाकटा... धाकटा कुणाचा?"

"मी सांगेन ते मानाल?"

"मानेन."

"नक्की? मी म्हणेन ते?"

"नक्की. तू म्हणशील ते."

"तुमचा नाही," आई म्हणाली.

बाबांची नजर झटकन टेबलावरच्या चौकटीकडे गेली. त्या पंचवीस आकड्यांकडे. मधलीनं ते पाहिलं, आणि तिला ते दिसलं याचं कारण एकच होतं. तिचीही नजर तिथेच गेली होती. चौकटीवर बाप-लेकीची नजरानजर झाली आणि दोघांनी मान खाली घातली.

आईनं पँट पुन्हा ओढून घेतली, नवी चेन जागेवर धरली आणि सुई खाली केली.

"जाताना ते घेऊन जा," ती म्हणाली. "मला टेबल लागतं."